एका वर्कशॉपच्या दोन मुंग्या

१

मैदानाच्या फाटकातून आत आल्या आल्या आत्याला दोन मुंग्या दिसल्या. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मुंग्या दोनच होत्या.

मुंगी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची पिकअप. एके काळी निळी होती, आता तिला नक्की कुठला रंग म्हणावं हा प्रश्न होता. डाव्या दाराला मोठा पोचा, पुढच्या बंपरला बांधलेला टायरचा तुकडा, हौद्याच्या मागच्या, खाली पडणाऱ्या फाळक्यावर नटबोल्टने घट्ट बसवलेला, काम पकडून धरायचा लोखंडी व्हाइस. बंद पडलेल्या गाड्या ढकलून आणायच्या, इंजिनं वाहायची, गिअरबॉक्स आणायचे, एवढंच तिने जन्मभर केलं. स्वतःपेक्षा मोठं ओझं ओढते म्हणून भावाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. भाऊ जाऊन तीन महिने झाले होते. आता वर्कशॉप त्याची मुलगी चालवत होती.

आणि कापडी छताखाली दोन मुंग्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तोच पोचा, तोच टायर, तोच व्हाइस, नंबराची पाटीसुद्धा तीच. जुळ्या बहिणींनी एकाच कापडाचे कपडे शिवावेत तशा. तपासणीसाठी दोघींचे फाळके खाली पाडलेले, आणि भोवती ही गर्दी.

"आत्या, बरं झालं आलीस," भाची गर्दीतून वाट काढत आली. चेहरा उतरला होता. "हा माणूस म्हणतो माझी गाडी नकली आहे."

हा माणूस म्हणजे शहराच्या पलीकडच्या टोकाला काचेचं आणि फरशीचं गॅरेज काढलेला एक गृहस्थ. त्याच्या गॅरेजात तेलाचा डाग शोधून सापडत नसे, म्हणून सगळे त्याला चकाचक शेठ म्हणत. तो हात मागे बांधून उभा होता.

"मी म्हणत नाही, गाडी म्हणते," तो म्हणाला. "अस्सल माझ्याकडे आहे. ताईंनी काय आणलंय ते ताईंनाच विचारा."

भांडण साधं नव्हतं. शहरात यंत्रांचं संग्रहालय उभं राहत होतं. त्याच्या दाराशी एक जुनी, अस्सल वर्कशॉपची गाडी ठेवायची होती, आणि ज्या वर्कशॉपची गाडी निवडली जाईल त्यालाच संग्रहालयाला लागून असलेला मोठा गाळा कामासाठी मिळणार होता. भाचीच्या शेडच्या मालकाने जागा रिकामी करायला सांगितली होती. हा गाळा मिळाला तर भावाचं वर्कशॉप चालणार, नाही तर हत्यारं पोत्यात भरून घरी न्यायची. नियम एकच होता. गाडी आहे तशी आणायची. धुवायची नाही, रंगवायची नाही, पुसायचीसुद्धा नाही.

परीक्षक बाई शांत स्वभावाच्या होत्या. दोन्ही गाड्यांभोवती त्या दोनदा फिरल्या होत्या. सांगाड्यावर कोरलेला मूळ नंबर एका गाडीवर वेल्डिंगच्या थरांखाली गाडला गेला होता आणि दुसरीवरही तसाच थर होता.

"एक अस्सल आहे, एक नक्कल," त्या म्हणाल्या. "दुपारच्या चहापर्यंत मला पटवून द्या कुठली कुठली. नाही पटलं तर दोन्ही मैदानाबाहेर. आणि नक्कल ज्याने जाणूनबुजून आणली असेल, त्याचं नाव मी फलकावर लावीन."

आत्याने सगळा जन्म ट्रकांच्या वजनकाट्यावर काढला होता. रिकामी गाडी, भरलेली गाडी, भरून रिकामी असल्याचं सोंग करणारी गाडी, सगळ्या तिच्या खिडकीसमोरून गेल्या होत्या. गाडीचं तोंड ती कधी बघतच नसे. तोंड खोटं बोलतं, बूड बोलत नाही, हे तिचं लाडकं वाक्य, आणि ते ती ऐकणारा नको म्हणेपर्यंत सांगे. आताही ती दोन्ही गाड्यांच्या मागे गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि चाकांच्या वरचे स्प्रिंगचे पाटे बघू लागली.

भावाने मुंगीच्या पाट्यांत दोन जादा पाटे घातले होते. त्यामुळे मुंगी रिकामी असली की मागून उंच राही, अंडं द्यायला बसलेली कोंबडी कोणीतरी उठवावी तशी.

चकाचक शेठची गाडी मागून उंच होती. भाचीची सरळ उभी होती, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी.

भाचीने स्वतः चालवत आणलेली गाडी मुंगी नव्हतीच.

२

चहाच्या टपरीमागे तिने भाचीला बाकावर बसवलं.

"आज सकाळी चालवताना काही वाटलं नाही तुला?"

"वाटलं ना. क्लच हलका वाटला. दार एका झटक्यात लागलं." भाची जमिनीकडे बघत होती. "पण बाबा गेल्यानंतर मी तिच्यात पहिल्यांदाच बसले गं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. म्हटलं आपलंच काही तरी होतंय."

"तीन महिने ताडपत्रीखाली?"

"हो. काढवत नव्हती मला."

"आणि आज ताडपत्री काढलीस, बसलीस, निघालीस."

"धुवायची तर नव्हतीच. मग काय बघत बसणार?" तिने एकदम वर पाहिलं. "आत्या, तू असं का विचारतेयस? त्याची खरी आहे असं म्हणायचंय तुला?"

"हळू. भिंतीला कान असतात, इथे तर भिंतही कापडाची आहे." आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तिथे उभी आहे ती तुझ्या बापाची मुंगी. तू आणलीस ती दुसरीच कोणी."

भाचीने चहाचा पेला बाकावर ठेवला आणि ती उठली.

"मग मी जाऊन सांगते की माझी चोरली."

"आणि कोण ऐकेल? आत्ता सांगितलंस तर एवढंच होईल, की नक्कल तू आणलीस हे तू कबूल केलंस. चोर दाखवता आला पाहिजे, तर तुझं खरं." आत्याने थोडा विचार केला. "शेडची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे. रंगाऱ्याकडे, तो शेजारच्या कप्प्यातच काम करतो. आणि माडीवरच्या नाटकाच्या पडदेवाल्याकडे, त्याच्या फळ्या आपल्या अंगणात मागच्या भिंतीशी असतात म्हणून. दोघंही आज इथेच आहेत."

"झालं तर. तीन माणसं," आत्या उठली. "माझ्या काट्यावर एका दिवसात याहून जास्त लबाड यायचे."

"आणि चहापर्यंत नाही सापडला तर?"

आत्या चकाचक शेठच्या दिशेने निघालीसुद्धा होती.

३

चकाचक शेठ खुर्चीवर रुमाल अंथरून बसला होता.

"बसा, आत्याबाई. तुमच्याशी माझं वैर नाही. पण तुमच्या भाचीने केलं ते बरं केलं नाही."

"काय केलं तिने?"

"गाडी विकली. मीच घेतली. आणि आज एक नक्कल सजवून माझ्यासमोर उभी केली, वर मलाच खोटा पाडते. याला काय म्हणायचं?"

आत्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. माणूस चिडलेला होता, पण लबाडाची चीड निराळी असते. लबाड चिडला की फार बोलतो. हा मोजकं बोलत होता.

"तिने स्वतः विकली? तुमच्या हातात किल्ली तिने दिली?"

शेठ घुटमळला. "मध्ये माणूस होता. तो म्हणाला, ताईला विकायचीय पण बापाच्या आठवणीने तोंडातून शब्द फुटत नाही. गुपचूप घ्या, तिच्यासमोर विषय काढू नका, कागद मागाहून येतील."

"कोण तो माणूस?"

"त्याचं नाव कुठे घेणार नाही असा शब्द दिलाय मी. धंद्यात शब्दच तेवढा असतो."

"शब्द ज्याला दिलात त्याने तुमच्या गळ्यात धोंडा बांधलाय."

"सिद्ध करा. मग बघू." तो मान वळवून बसला. आत्या उठली, तसा तोच पुन्हा म्हणाला, "एक सांगतो. मलाही आधी शंका आली होती. काचेआड ठेवताना फाळका वर केला, तर बाहेरून कोरा करकरीत निळा. बाकी गाडी भंगार आणि एवढंच नवं कसं? मी त्या माणसाला विचारलं. तो क्षणभर बघतच राहिला. मग म्हणाला, बदलला असेल कधी तरी."

आत्या दोन पावलं जाऊन थांबली. भावाने फाळका कधी बदलला नव्हता. आणि ज्याने मुंगी विकली त्यालाच हे माहीत नव्हतं.

४

रंगारी गाडीच्या रंगकामात शहरात एक नंबर आणि बोलण्यात शेवटून पहिला. नखांत सात रंग, कपाळावर आठवा. आत्या समोर येताच त्याने तोंड फिरवलं.

"मलाच धरणार ना? धरा. सगळे तेच कुजबुजतायत. पोचा काढणारा मी, पोचा पाडणाराही मीच असणार."

"पाडलास का?"

"आत्याबाई, मिस्त्रींनी मला हात धरून कामाला लावलं. त्यांच्या मुंगीची नक्कल करीन मी?" त्याने मान झटकली. "आणि केलीच असती तर अशी केली नसती."

"म्हणजे कशी?"

"मी जवळ जाऊन बघितलेली नाही. पण लोक म्हणतात हुबेहूब. हुबेहूब कोण करतो? ज्याला चित्र काढायचंय तो. मी गाडी करतो."

आत्याला उत्तर आवडलं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मला एक सांग. वर्कशॉपची गाडी वर्कशॉपची कशाने होते? गंजाने?"

"गंज तर माझ्या सासऱ्याच्या सायकललाही आहे," रंगारी प्रथमच हसला. "वर्कशॉपची गाडी म्हणजे टेबल, आत्याबाई. चाकं लावलेलं टेबल. मिस्त्री फाळका पाडायचे, त्याच्यावरच व्हाइस, त्याच्यावर ठोकाठोकी, त्याच्यावर माझे रंगाचे डबे, त्याच्यावरच दुपारचा डबा. हौद्यात तर काय, कोणीही माल भरतो. खरं काम फाळक्यावर."

"आणि गाडी चालताना?"

"तेव्हाही साखळीवर आडवाच. लांब पाइप, सायलेन्सर काही ना काही बाहेर आलेलं असायचंच. मी इतकी वर्षं तिथे आहे, मुंगीचा फाळका वर लागलेला मला आठवत नाही."

आत्या उठताना गुडघा धरून उठली, पण चेहरा उजळला होता. फाळका कायम आडवा, म्हणजे त्याची बाहेरची बाजू कायम जमिनीकडे. तिथे ऊन नाही, हातोडा नाही. खालून उडेल तो चिखल, पुसला की संपला. बाकी गाडी म्हातारी झाली आणि तेवढी बाजू तरणी राहिली.

कुठली गाडी खरी हे आता ती दाखवू शकत होती. पण त्याने भाची सुटत नव्हती, उलट बुडत होती. चोर अजून बाकी होता, आणि टपरीवाल्याने दुपारच्या चहाचं पातेलं चुलीवर चढवलं होतं.

५

पडदेवाला मैदानाच्या कमानीवर काम करत होता. नाटकांचे पडदे, महाल, तुरुंग, देवळांचे खांब, सगळं तो पुठ्ठ्यात आणि फळीत उभं करायचा. ही कमानही त्याचीच. दगडी, शेवाळलेली, जागोजागी तडे गेलेली. आत्याने जाता जाता तिच्यावर बोटाने टिचकी मारली. डबा वाजावा तशी वाजली.

"सांभाळून, आत्या. फुंकर मारलीत तरी किल्ला पडेल," तो शिडीवरून म्हणाला. गोड माणूस. भाऊ आजारी असताना वर खाली करून औषधं त्यानेच आणली होती, हेही खरं.

"तुझ्या हातात जादू आहे रे. मला वाटलं खरंच दगड."

"पहिल्या रांगेतून खरंच दगड असतो. विंगेतून बघाल तर काठ्या आणि खिळे." तो खाली उतरला. "ताईचं वाईट वाटतं हो. मी म्हणतो, परीक्षक बाईंनी दोन्ही गाड्या बाहेर काढाव्यात आणि विषय संपवावा. कोणाची बदनामी नको."

"खरंय. पण एक सांगू? ज्याने ती नक्कल केली ना, त्याचे हात धुऊन पाणी प्यावं असं काम आहे. चोर असेल, पण कलावंत आहे."

पडदेवाल्याने मान खाली घातली. कोणी मुलीच्या लग्नात मुलीचं कौतुक केल्यावर बाप घालतो तशी.

"काम आहे खरं," तो म्हणाला. "टपावरच्या ठिपक्यांचीसुद्धा रांग सोडली नाही."

"कुठले ठिपके?"

"शेडच्या पत्र्यावरून थेंब पडून पडून टपावर पांढरे डाग पडलेत ना, ते."

"असं का," आत्या म्हणाली. "मला कुठलं दिसायला, मी अशी बुटकी. तुझी शिडी दे बरं जरा."

त्याने शिडी दिली. दुसरं काय करणार होता.

कापडी छताखाली आत्या शिडीवर चढली, तेव्हा गर्दीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, म्हातारी आता झेंडा लावणार. ती वर गेली आणि चकाचक शेठच्या गाडीच्या टपाकडे पाहिलं. पांढऱ्या ठिपक्यांची रांग. शिडी हलवून भाचीच्या गाडीवर पाहिलं. तशीच रांग. तेवढेच ठिपके, तेवढ्याच अंतरावर.

छत इतकं खाली होतं की कमानीवरून टप दिसणं शक्य नव्हतं. खाली उभ्या असलेल्या माणसालाही नाही. आज या मैदानावर तिच्याआधी शिडी घेऊन इथे कोणीच आलं नव्हतं.

आत्या वरच उभी राहून खाली बघत राहिली. टप दिसत होता, बॉनेट दिसत होतं, हौदा दिसत होता, पाडलेल्या फाळक्याची आतली बाजू, तिच्यावरचा हातोड्याचा प्रत्येक खड्डा दिसत होता. फाळक्याची फक्त पाठ दिसत नव्हती.

"उतरा आता, आत्याबाई," परीक्षक बाई खालून म्हणाल्या. "चहा आलाय."

६

"मला दोन माणसं द्या आणि एक बादली पाणी," आत्या म्हणाली. "नियम मोडेल, पण एकाच गाडीचा. आणि ती गाडी मोडली तरी कोणाचं काही जाणार नाही."

परीक्षक बाईंनी होकाराची मान डोलावली.

"आधी बादली नको," आत्या म्हणाली. "आधी दोन्ही फाळके वर करा."

रंगाऱ्याने एक उचलला, दुसरा चकाचक शेठच्या माणसाने. साखळ्या खळखळल्या, कड्या बसल्या. गर्दी मागच्या बाजूला सरकली.

भाचीच्या गाडीचा फाळका बाहेरून गंजलेला, उन्हाने उडालेला, बाकी गाडीसारखाच. चकाचक शेठच्या गाडीचा फाळका निळा. नुसता निळा नाही, पहिल्या दिवशी कारखान्यातून आला असेल तसा.

"माझ्या भावाने हा फाळका कधी वर लावला नाही," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. काट्यावर ट्रकवाल्यांशी बोलून तो आवाज कमावलेला होता. "हे त्याचं टेबल होतं. आतून बघा, ऐरण झालीय. बाहेरून बघा, ऊनच लागलेलं नाही. कामाची गाडी सगळीकडून सारखी म्हातारी होत नाही. जिथे काम तिथे ती झिजते. सारखी म्हातारी केलेली गाडी कोणीतरी बसून केलेली असते."

चकाचक शेठच्या छातीत हवा भरली. "मी काय म्हणत होतो?"

गर्दी भाचीकडे वळली. भाची हलली नाही, पण तिने बंपर धरला.

"थांबा," आत्या म्हणाली. "खरी मुंगी कुठे उभी आहे तेवढंच सांगितलं मी. कोणाची आहे ते अजून सांगायचंय. आता नक्कल बघू. नक्कल करणारा कुठे उभा होता, ते त्याची नक्कलच सांगते. याने फाळक्याच्या आतला खड्डा न् खड्डा उतरवलाय. टपावरचे ठिपके उतरवलेत, जे इथे माझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाहीत. चुकला तो एकाच जागी, फाळक्याच्या पाठीवर. कारण ती त्याला कधी दिसलीच नाही. त्याने मुंगी पाहिली ती वरून, माडीच्या खिडकीतून. रंगाऱ्याने मुंगी पाहिली ती खाली बसून, त्या फाळक्यावर डबे ठेवून. तो असता तर ही पाठ कोरी निळी ठेवली असती."

सगळ्यांच्या माना हळूहळू कमानीकडे वळल्या. पडदेवाला हसला.

"आत्या, वरून तर कावळाही बघतो. माझी खिडकी शेडच्या अंगणावर उघडते म्हणून मी चोर? रंगारी माझ्याकडे बिडी ओढायला यायचा, त्यानेही पाहिलं असेल. आणि रंगवायचं काम त्याचं की माझं?"

"रास्त बोललास. रंगाचंच बघू." आत्या रंगाऱ्याकडे वळली. "तुला गाडीवर खोटा गंज करायचा असेल तर कशात करशील?"

"पक्क्या रंगात, वर लाखेचा हात देऊन," रंगारी म्हणाला. "दुसऱ्या कशात करणार? गाडी म्हटली की पाऊस लागणार, ती धुतली जाणार."

"ओत पाणी," आत्या भाचीला म्हणाली.

भाचीने बादली उचलली आणि स्वतः आणलेल्या गाडीच्या फाळक्यावर रिकामी केली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग गंजाला पाझर फुटला. तांबडे ओघळ खाली येऊ लागले, पाठोपाठ काळे, मग काळ्या-तांबड्याचा चिकट लगदा सुटून बंपरवर पडला. खाली कुठलासा हिरवा रंग उघडा पडला. आत्याने त्या लगद्यात बोट बुडवलं आणि पडदेवाल्यासमोर धरलं. बोट चिकटत होतं.

"गेरू, काजळी आणि डिंक," ती म्हणाली. "नाटकात पाऊस पडत नाही ना रे. तुझ्या गंजाला कधी पाणी सोसावं लागलंच नाही. इथेही आधी ताडपत्री, मग धुवायचं नाही असा नियम. नशीबच चांगलं होतं तुझं, चहाच्या वेळेपर्यंत."

पडदेवाल्याने कमानीला टेकायचा प्रयत्न केला. कमान टेकण्याजोगी नव्हती, ती मागे कलली आणि तो सावरत उभा राहिला.

चकाचक शेठ खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"दिलेला शब्द मी मोडत नाही," तो म्हणाला. "पण आता मोडायला उरलंय काय? हाच तो. यानेच सांगितलं, ताईला विकायचीय."

७

पडदेवाल्याने फार ताणलं नाही. म्हणाला, आधी खरंच नक्कलच करायची होती. शेठला काचेआड ठेवायला एक जुनी गाडी हवी होती, म्हणून मिस्त्री असतानाच भंगारातून त्याच जातीची पिकअप आणली, खिडकीतून बघून बघून गोदामात सजवली. शेठला दाखवायच्या आधीच शेठ म्हणाला, मला नक्कल चालणार नाही, अस्सलच पाहिजे. तेव्हा पडदेवाल्याच्या मनात आलं, की ताडपत्रीखाली काय आहे ते कोण बघतंय. मग एका रात्रीत गाडी बदलली, शेडमधल्या खिळ्यावरची किल्लीही.

"ती विकायला काढणार नव्हती, आणि चालवतही नव्हती," तो भाचीकडे न बघता म्हणाला. "मला वाटलं, कळणारच नाही कोणाला."

"मला सकाळीच कळलं होतं," भाची म्हणाली. "मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही, एवढंच चुकलं."

परीक्षक बाईंनी त्याला बाजूला नेलं आणि चौकीवर माणूस धाडला. चकाचक शेठने खिशातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि भाचीसमोर धरली.

"ताई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं म्हटलं. आता सगळ्यांसमोरच सांगतो, खोटा मी ठरलो."

"तुम्हीही फसलातच की," भाची म्हणाली. "पण फाळका वर लावून काचेआड ठेवलीत तिला. ते मी विसरणार नाही."

लोक हसले, शेठही ओशाळून हसला.

परीक्षक बाई फलकाजवळ उभ्या राहिल्या. फार भाषण केलं नाही. निवडलेली गाडी म्हणजे मिस्त्रींची मुंगी, आणि गाळा त्यांच्या मुलीच्या वर्कशॉपला, एवढंच त्या म्हणाल्या. पण ते ऐकून रंगाऱ्याने शिट्टी वाजवली, टपरीवाल्याने पातेल्यावर पळी आपटली, आणि मागे उभ्या असलेल्या चार मेकॅनिकांनी भाचीला खांद्यावर घ्यायचा बेत केला. आत्याने डोळे वटारून तो मोडला.

"मग ताई, गाडी उद्यापासून आमच्या दाराशी," परीक्षक बाई म्हणाल्या. "एक चौथरा बांधतोय आपण तिच्यासाठी."

"चौथरा नको," भाची म्हणाली.

आत्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मिळालेला गाळा ही पोर परत करते की काय.

"रात्री ती तुमच्या दाराशी उभी राहील, सुट्टीच्या दिवशीही," भाची म्हणाली. "पण कामाच्या दिवशी ती कामाला जाणार. तीन महिने मी तिला झाकून ठेवली, तर कोणीही येऊन बदलून गेलं. चौथऱ्यावर चढवलीत तर दोन वर्षांत तीही पुठ्ठ्याचीच होईल. लोकांना ती बघायची असेल तर गाळ्यात येऊन काम करताना बघू दे."

परीक्षक बाईंनी फलकाजवळचं फडकं उचललं आणि तिथे लिहिलेली चौथऱ्याच्या खर्चाची ओळ पुसून टाकली.

"तुमच्या बापाला ओळखत नव्हते मी," त्या म्हणाल्या. "आता थोडी ओळख झाली."

एक अडचण उरली होती. नक्कल बाहेर न्यायला कोणीतरी चालू केली, तर ती फाटकाच्या वाटेवर नुसती खोकली आणि बंद पडली. तिच्यामागे अडकलेल्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. चकाचक शेठने आपली नवी कोरी क्रेनची गाडी बोलावली, पण ती कमानीखालून जाईना.

भाची मुंगीत बसली. तिने किल्ली फिरवली. मुंगीने एकदा अंग झटकलं, दुसऱ्यांदा घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा अशी काही गरजली, की छताच्या कापडावरची चिमणी उडाली. भाचीने क्लच दाबला आणि चेहराभर हसली. तो जड होता, पाय दुखेल इतका जड.

रंगाऱ्याने साखळी लावली. आत्या शेजारच्या सीटवर चढून बसली, कोणी विचारायच्या आधीच. मुंगीने ओढ घेतली, मागची चाकं क्षणभर मातीत फिरली, आणि मग तिची नक्कल, ओघळ सुकत चाललेली, तिच्या मागोमाग मुकाट्याने निघाली. लोकांनी दोन्ही बाजूंना वाट करून दिली. फाटकाशी टाळ्या सुरू झाल्या आणि रस्त्यावर येईपर्यंत थांबल्या नाहीत.

वळणावर एक माणूस धावत खिडकीशी आला. त्याच्या हातात कसलासा तुटलेला पट्टा होता.

"ताई, माझा टेम्पो दोन आठवडे बंद आहे. लोक म्हणाले तुमचं वर्कशॉप बंद होणार, म्हणून आलो नाही. कधी बघाल?"

"उद्या सकाळी घेऊन या," भाची म्हणाली.

"कुठे? जुन्याच शेडवर?"

भाचीने आत्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि गिअर टाकला.

"नाही. संग्रहालयाच्या शेजारचा गाळा," ती म्हणाली. "लवकर या. उद्या गर्दी असेल."